ठाण्याहून दोन दिवसांची सायकलसहल: पाण्याच्या कडेने जाणारा निवांत रस्ता कोणता?

सावकाश_चाक (ठाणे)

नमस्कार. माझे वय चौपन्न आहे. गेली दोन वर्षे मी रोज पहाटे उपवन तलावाभोवती चार फेऱ्या मारते आणि अंगात बळ असेल त्या दिवशी येऊरच्या फाटकापर्यंत चढून येते. आता धाकट्या बहिणीला बरोबर घेऊन जानेवारीत एका मुक्कामाची सहल करावी असे मनात आहे. वेगाची किंवा घाटांची हौस आम्हा दोघींनाही नाही. दिवसाला चाळीस किलोमीटर, वाटेत पाणी, झाडे, गावे आणि मागून भोंगा वाजवणारे कोणी नाही, एवढीच अपेक्षा आहे. तलावाकाठच्या आणि कालव्याकाठच्या सायकलवाटांची परदेशातली वर्णने वाचल्यापासून आपल्याकडे तसे काही सापडेल का, हा प्रश्न डोक्यातून जात नाही.

वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि पुढे तानसा तलाव असा बेत नकाशावर फार सुरेख दिसला होता. प्रत्यक्षात कशेळी-काल्हेरच्या गोदामांपाशी ट्रेलरांच्या रांगेत अडकून आम्ही माघारी आलो. सायकली हायब्रिड असून टायर ३२ मिलिमीटरचे आहेत. जाणकारांनी मार्ग सुचवावा.

पाटाचे_पाणी (डोंबिवली)

ताई, तलावाकाठचा हट्ट या बाजूला सोडलेला बरा, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या जवळचे मोठे जलाशय शहरांना पाणी पुरवतात, त्यामुळे त्यांच्या काठाने मोकळेपणी फिरता येत नाही. १८९२ साली पूर्ण झालेले तानसा धरण मुंबईसाठी बांधलेले आहे आणि त्याचा जलाशय अभयारण्यात येतो. मोरबे धरण नवी मुंबईची तहान भागवते, तेव्हा तिथेही पहारा असणारच. जलवाहिन्यांच्या कडेचे रस्ते नकाशावर सरळ आणि मोहक दिसतात, परंतु ते देखभालीसाठी आहेत, सहलीसाठी नाहीत.

कालवा मात्र आपल्या आवाक्यात आहे. कर्जत तालुक्यातला राजनाला पाहा. सह्याद्रीच्या माथ्यावरच्या ठोकळवाडी धरणाचे पाणी पायथ्याच्या भिवपुरीच्या वीजकेंद्रात उतरते. टाटांचे हे केंद्र १९२२ पासून चालू आहे. वीज काढून झालेले पाणी पेज नदीत येते, म्हणून कोकणातल्या इतर नद्या फेब्रुवारीत दगडगोटे दाखवू लागतात तेव्हाही पेज वाहती असते. त्याच पाण्यावर राजनाल्याचे कालवे चालतात आणि कर्जतच्या शेतकऱ्याला उन्हाळी भात घेता येतो. आपण जानेवारी निवडला आहे, तो एवढ्यासाठीच योग्य आहे. पाण्याचे आवर्तन सुरू झालेले असले, तर एका हाताला भरून वाहणारा कालवा आणि दुसऱ्या हाताला भाताची पोपटी रोपे असे दृश्य मिळते. आवर्तन नसेल तर मात्र कोरडा चर, त्यातले गवत आणि बाटल्या एवढेच दिसते. निघण्यापूर्वी कर्जतमध्ये कोणाकडे तरी ‘नाल्याला पाणी सोडलंय का’ एवढे विचारून घ्यावे.

कालव्याच्या भरावावरून सलग सायकल चालवण्याचा बेत करू नका. मी तो केला होता. सुरुवातीचे दोन किलोमीटर स्वर्गसुख होते, मग गवताखाली खेकड्यांनी पोखरलेला भाग लागला आणि पुढचे चाक आत गेले. कोपर सोलवटले आणि चष्मा पाण्यात गेला. उठून पाहतो तो मागच्या टायरमध्ये बाभळीचे तीन काटे! बांधावर छाटलेल्या फांद्या तिथेच पडलेल्या असतात, त्यामुळे पॅच पुरत नाहीत, दोन जादा ट्यूबच न्याव्या लागतात. गावाचा डांबरी रस्ता धरावा आणि तो कालव्याजवळ येईल तिथे उतरून बांधावर अर्धा तास चालावे, हे मी त्या दिवशी शिकलो.

मार्ग असा घ्यावा: नेरळला उतरून कळंब, तिथून कशेळे, मग आतल्या रस्त्यांनी कडाव आणि वैजनाथकडून कर्जत. कडावला बालदिगंबर गणेशाचे देऊळ आहे, तिथे सावलीत तासभर सहज जातो. कर्जत-मुरबाड रस्ता आता राष्ट्रीय महामार्गाचा भाग असल्याने त्यावर गाड्या सुसाट असतात, म्हणून त्याच्यावर जेवढे अपरिहार्य तेवढेच चालवावे. एक खुलासा करतो: भिवपुरी रोड हे स्थानक आणि वीजकेंद्राचे भिवपुरी एकमेकांपासून बरेच लांब आहेत. मी एकदा त्या स्थानकावर उतरून पस्तावलो आहे.

खाडीवारा (ऐरोली)

कशेळीहून तर ताई नुकत्याच वैतागून परत आल्या आहेत आणि आपण त्यांना पुन्हा तिथेच कसे पाठवता?

पाटाचे_पाणी (डोंबिवली)

ते ठाण्याच्या खाडीपलीकडचे, भिवंडी रस्त्यावरचे कशेळी. हे कर्जत तालुक्यातले कशेळे. एका मात्रेचा फरक आहे, परंतु एकीकडे गोदामे आणि दुसरीकडे भातशेती आहे.

दुसरा_गिअर (नेरूळ)

वरील मार्गाला माझी सहमती आहे, मात्र वाराचा विचार करावा. कर्जतच्या शेतघरांकडे निघालेली वाहने शनिवारी सकाळपासून वाढतात आणि रविवारी संध्याकाळी ती सगळी एकदम परत फिरतात. आपल्याला जमत असेल तर मंगळवार-बुधवार निवडा. जानेवारीत वीटभट्ट्याही पेटलेल्या असतात. ज्या फाट्यावर लाल धूळ आणि डंपर दिसतील, तो रस्ता नकाशावर कितीही बारीक असला तरी निवांत नसतो.

तलावाची इच्छा अगदीच अनावर असेल तर लोणावळ्यापलीकडच्या पवना जलाशयाभोवतीचा रस्ता आहे. तिकोना आणि तुंग या किल्ल्यांच्या पायथ्यांवरून जाणारा तो रस्ता देखणा आहे, पण चढउतार बरेच आहेत आणि शनिवार-रविवारी काठावर तंबूंची जत्रा भरते. जर्मनी, ऑस्ट्रिया आणि स्वित्झर्लंड यांच्या मधल्या बोडन सरोवराला सुमारे २६० किलोमीटरची सायकलप्रदक्षिणा आहे. ती करताना तिथल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले होते की, सरोवर नेहमी उजव्या हाताला ठेवा. तिकडे वाहने उजवीकडून चालतात, त्यामुळे तसे केल्यास आपण कायम पाण्याच्या बाजूला राहतो. आपल्याकडे डावी बाजू असल्याने पवनेला घड्याळाच्या उलट दिशेने, म्हणजे पाणी डाव्या हाताला ठेवून फिरावे. ते आपल्या देवळातल्या प्रदक्षिणेच्या उलट होते, त्याला इलाज नाही.

सावकाश_चाक (ठाणे)

सर्वांचे मनापासून आभार. पवना पुढच्या वर्षावर टाकते, यंदा राजनालाच. दोन शंका उरल्या आहेत. लोकलमधून सायकली नेताना काय काळजी घ्यावी? आणि आम्ही दोघीच असल्याने मुक्काम कुठे करावा?

पाटाचे_पाणी (डोंबिवली)

ठाण्याहून पहाटेची कर्जत लोकल धरावी. तिकीट खिडकीवर सायकलींचे लगेज तिकीट मागून घ्यावे आणि सामानाच्या डब्यात चढावे. पुढचे चाक काढून ते सांगाड्याला दोरीने बांधले की सायकल भिंतीला टेकून उभी राहते आणि भाजीच्या पाट्यांना वाटही राहते. नंतर दुधाच्या आणि भाजीच्या डब्यांची गर्दी वाढत जाते, त्या वेळी दोन सायकली घेऊन चढणे जिकिरीचे होते.

मुक्काम कर्जत गावातच करावा. पहिल्या दिवशी नेरळहून कडावमार्गे अंधार पडण्यापूर्वी पोहोचता येईल, सामान खोलीवर ठेवता येईल आणि दुसऱ्या दिवशी मोकळ्या सायकलींनी वैजनाथच्या बाजूला परत जाऊन कालव्याकाठी निवांत वेळ घालवता येईल. परतीची लोकल कर्जतहूनच सुटते, त्यामुळे सामानाच्या डब्यात जागा मिळते. आणि वाटेत एखाद्या शेतावर मडके उलटे घालून पोपटी लावलेली दिसली, तर घाई करू नका. वालाच्या शेंगा शिजायला अर्धा तास लागतो.