मदत हवी आहे: शिगमोच्या वेशभूषेत चिलखताखाली घालायचा बॉयलर सूट

नमस्कार मंडळी. शिवणकाम जाणणाऱ्यांची आणि नाटकाची ड्रेपरी हाताळलेल्यांची मदत हवी आहे.

आम्ही फोंड्याचे. माझी भाची यंदा शिगमोच्या, म्हणजे आमच्या गोव्यातल्या होळीच्या सणाच्या, मिरवणुकीत वेशभूषा स्पर्धेत उतरते आहे. अंतराळातल्या सैनिकाचं चिलखत तिनं स्वतः केलंय. ईव्हीए फोम हीट गननं तापवून वाकवला, जोड चिकटवले, वर रंग दिला. छाती-पाठ, खांदे, मनगटापासून कोपरापर्यंतचे तुकडे, मांड्या, नडग्या आणि रुंद कमरपट्टा. काम इतकं सफाईदार आहे की मला तिचं फार कौतुक वाटतं. अडलंय ते आतल्या कपड्यावर.

आत काळा बॉयलर सूट आहे. वास्कोला बोटीवरच्या कामगारांसाठी मिळतो तसला, सुती-पॉलिएस्टर ड्रिलच्या जाड कापडाचा, पुढे गळ्यापासून खालपर्यंत चेन. छातीच्या मापानं घेतला, पण पोरगी उंच आहे. खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून मागून वर परत त्याच खांद्यावर टेप फिरवला तर तिचं अंग १५६ सेंटिमीटर भरतं आणि सूट १५९. नुसती उभी राहिली तर चालून जातं. वाकली किंवा बसली की आसनात, दोन पायांमधल्या जोडावर, ओढतं.

खरी पंचाईत हात वर केल्यावर होते. परीक्षकांसमोर तिला भाला डोक्यावर उचलायचा आहे. हात वर गेले की सूट बाजूंनी वर खेचला जातो, त्याच्याबरोबर छातीचं चिलखत हनुवटीला लागतं. मी नीट पाहिलं तेव्हा दोन कारणं दिसली. एक, बाहीचा मुंढा (बाही अंगाला जोडतात तो घेर) फार खाली आहे. ढगळ मुंढ्यात हात मोकळा राहील असं वाटतं, पण होतं उलटं: बाही जितकी खालून निघते तितकं हात उचलताना अंगाचं कापड सोबत जातं. दुसरं म्हणजे कमरपट्टा. तो आवळला की सूट कमरेला बांधला जातो आणि खालचं कापड वर येऊ शकत नाही. म्हणजे वरच्या अर्ध्याला वेगळा सैलपणा हवा, खालच्याला वेगळा.

इथल्या एका शिंप्यानं "सगळ्या बाजूंनी सैल करून देतो" म्हटलं. ते मला पटलं नाही. मांडीच्या आणि नडगीच्या तुकड्यांमध्ये आत्ताच कापडाच्या गुंडाळ्या होतात, तिथे उलट आवळायला हवं. जिथे अंग हलतं तिथे कापड घालायचं आणि जिथे चिलखत बसतं तिथलं काढायचं, असं माझं मत झालंय. छातीचे खिसे, त्यांची झाकणं, खांद्यावरच्या पट्ट्या मी उसवून टाकल्याच आहेत. फोमखाली त्या टोचत होत्या.

आता विचारायचं ते असं. काखेत चौबगला (हात मोकळा हलावा म्हणून जोडायचा कापडाचा चौकोन) घालायचा तर ड्रिलचाच घालू की ताणल्या जाणाऱ्या लायक्राचा? घरच्या मशीनला झिगझॅग टाका नाही. कमरेत पट्टी घालून लांबी वाढवायची तर पुढच्या चेनचं काय करू? आणि सर्वांत महत्त्वाचं, लघवीला जायचं कसं? मिरवणूक संध्याकाळी सुरू होते आणि रोमटामेळ (ढोल-ताशांवर नाचत जाणारे मेळे), चित्ररथ पुढे सरकेपर्यंत रात्र होते. मुलगी पाणी प्यायचीच नाही म्हणते. मार्चच्या उकाड्यात, फोमच्या आत, हे मला मुळीच चालणार नाही. तिला हवं तेव्हा पाणी पिता आलं पाहिजे आणि हवं तेव्हा जाता आलं पाहिजे, मग सूट कितीही कापावा लागो.

प्रतिसाद

ताई, पुढची चेन अजिबात उसवू नका. कमरेची शिवण फक्त मागून उघडा, एका बाजूच्या शिवणीपासून दुसऱ्या बाजूच्या शिवणीपर्यंत. तिथे तयार मापात आठ सेंटिमीटरची पट्टी बसवा, टोकांना निमुळती करत शून्यावर आणा. दोन्ही बाजूंना दीड-दीड सेंटिमीटर माया (शिवणीत जाणारं जादा कापड) धरून अकराची कापा. वाकताना आणि बसताना लांबी लागते ती पाठीलाच, पोटाला नाही. पट्टी कमरपट्ट्याखाली जाईल, त्यामुळे रंग थोडा वेगळा असला तरी दिसणार नाही.

चौबगला ड्रिलचाच घाला, दहा सेंटिमीटरचा चौकोन, पण आडव्या-उभ्या धाग्यावर न कापता तिरका कापा. तिरक्या कापडाला ताण मिळतो आणि साध्या टिपेवर काम होतं. लायक्रावर साधी टीप घातली तर हात वर केल्यावर दोरा तुटेल. चौकोनाच्या चारही कोपऱ्यांत टीप पक्की मागेपुढे करा, फाटतं ते तिथूनच. आणि उसवण्याआधी सूट एकदा धुऊन वाळवा. ड्रिल पहिल्या धुण्यात आटतं.

प्रतिसाद

मी गावच्या जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकांची ड्रेपरी बरीच वर्षं सांभाळली आहे. माझं मत वेगळं आहे, वहिनी. सूट कमरेत सरळ कापून दोन करा. खाली पँट, नेफ्यात इलॅस्टिक. वर अंगाला जाड ड्रिल कशाला हवं? छाती आणि पाठ तर चिलखतानं झाकलेली आहे. सुती होजिअरीचा बनियन घ्या, त्याला सूटच्या बाह्या आणि गळ्याची कॉलर तेवढी जोडा. बघणाऱ्याला दिसतं तिथे ड्रिल, बाकी सगळीकडे हवा. हात वर केला की बनियन ताणला जाईल, चिलखत जागेवर राहील. पँट आणि बनियन मागे चार टिच बटणांनी अडकवा म्हणजे मध्ये अंग उघडं पडणार नाही. कमरपट्टा सोडला, बटणं काढली, झालं. मदतीला एक बाई बरोबर असू द्या.

आमच्या मावळ्यांची चिलखतं अशीच चालायची. आत बंडी, बाह्या तेवढ्या भरजरी.

धागा काढणारीचं उत्तर

दोघांचेही मनापासून आभार. भाचीला वाचून दाखवलं. बनियनची गोष्ट ऐकताच तिनं मान डोलावली, उकाड्याचा धसका तिलाही आहे. लघवीचा प्रश्नही त्यात पूर्ण सुटतो, म्हणून सूट दोन भागांत कापायचं ठरलं. तिरक्या चौबगल्याची युक्ती मी बाह्या जोडतानाच वापरीन.

एक शंका उरली. खांद्याचे फोम वेल्क्रोनं लावायचे आहेत. होजिअरीवर वेल्क्रो शिवला तर वजनानं कापड लोंबेल ना? आणि गोंदवाला वेल्क्रो आणून ठेवलाय, तो शिवता येईल?

प्रतिसाद

लोंबेलच. बनियनच्या खांद्यावर आधी काढलेल्या खिशांचं ड्रिल ठिगळासारखं बसवा, गळ्यापासून बाहीच्या शिवणीपर्यंत, आणि वेल्क्रो त्यावर शिवा. वजन मग शिवणींवर जातं. मऊ बाजू कपड्याला, खरखरीत बाजू फोमला. उलटं केलंत तर धुताना ती बाकीचे कपडे ओढेल आणि मुलीच्या मानेलाही घासेल.

गोंदवाला कपड्यावर शिवू नका. सुई गोंदानं माखते, टाके सुटतात, दोरा तुटतो. तो फोमकडच्या बाजूला वापरा, कपड्यासाठी साधा शिवायचा आणा. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बघा, नाहीतर मडगावच्या न्यू मार्केटात शिवणाचं सामान विकणाऱ्यांकडे. मांडीचे तुकडे मात्र वेल्क्रोवर सोडू नका, चालताना घसरतात. रुंद इलॅस्टिकच्या पट्टीनं ते कमरपट्ट्याला टांगा. आणि सगळं शिवून झालं की पूर्ण चिलखत चढवून तिला घरात तासभर वावरू द्या, जिना चढू-उतरू द्या, भाला उचलू द्या. कुठे काचतंय ते तेव्हाच कळेल आणि शिवण बदलायला वेळ हातात असेल.