बाबांच्या मोदकांत ही पावडर घालावी का?

नारळीपोफळी (रत्नागिरी): बाबांना मधुमेह, गेल्या वर्षी स्टेंट बसवला. गणपतीत त्यांच्यासाठी चार मोदक वेगळे केले. ओल्या नारळाचा चव, वेलची आणि गुळाऐवजी बिनसाखरेची पावडर. सारण निवल्यावर त्यात खरखर आली, जिभेला पेपरमिंटसारखं गार लागलं. पाकिटावर पुढे स्टीव्हियाचं (गोड पानांची वनस्पती) पान, मागे बारीक अक्षरांत एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेऐवजी वापरायचा एक गोड पदार्थ! 2023 मध्ये 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिक रुग्णालयाचा अभ्यास आला होता: रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांना पुढच्या तीन वर्षांत हार्ट अटॅक, पक्षाघात जास्त. आठ निरोगी माणसांना 30 ग्रॅम दिलं, तर दोन दिवसांनंतरही रक्तातलं प्रमाण चढलेलंच होतं. प्लेटलेट्सच्या गुठळ्या लवकर होतात, असंही दिसलं. हृदयाचा रुग्ण असलेल्या घरात ही पावडर नकोच.

देवगडकर: ताई, घाई होतेय. एरिथ्रिटॉल आपलं शरीरही बनवतं. त्या लोकांनी ते खाल्लं किती, हे मोजलेलं नव्हतं. माझी आई दिवसाला चार कप चहा घेते, कपात दोन चमचे साखर असायची. आता स्वीटनरची (साखरेऐवजी गोडव्यासाठी) गोळी टाकते. आठ चमचे वाचले, तीन महिन्यांची सरासरी साखर उतरली. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये वजन आटोक्यात ठेवण्यासाठी स्वीटनर नको म्हटलं, पण तो सल्ला मधुमेह असलेल्यांना लागू नाही, हेही त्यातच लिहिलंय.

नारळीपोफळी: चहाच्या गोळीत सुक्रालोज (कृत्रिम स्वीटनर) काही मिलिग्रॅम, सारणात पावडर वाटीने जाते. दोन्ही एका मापाने कसं मोजायचं? आणि सुक्रालोजही सुटलेलं नाही. फ्रान्समधल्या एक लाखावर प्रौढांच्या अभ्यासात (2022) त्याचा हृदयविकाराशी संबंध दिसला.

देवगडकर: संबंध, कारण नव्हे. वजन, साखर वाढलेली माणसंच स्वीटनरकडे वळतात. आईची गोळी काढली तर ती कोरा, अगोड चहा पिणार नाही, साखरेचा डबाच उघडेल.

सुरूबन (गुहागर): मग सरळ गूळच घाला. आपल्या पिढ्या गुळावरच वाढल्या.

देवगडकर: गुळानेही रक्तातली साखर चढतेच हो. त्या पिढ्या दिवसभर शेतात राबायच्या.

नारळीपोफळी: यावर दादांशी सहमत. तरी बाबांना मी गुळाचा एकच मोदक दिला, वर साजूक तूप, आणि त्या जेवणातला भात काढला. जेवल्यावर दोन तासांनी साखर तपासली. उरलेली पावडर फेकली. आईंची गोळी बंद करा असं मी म्हणत नाही, पण त्यांच्या डबीमागचं एकदा वाचाच.