एससीआर: स्लिप वाढली म्हणजे कॅटॅलिस्ट संपला का?

लेडर_बॉटम: ५०० मेगावॉट युनिट, एससीआर (धुरातला नॉक्स, म्हणजे नायट्रोजन ऑक्साइड, अमोनिया आणि कॅटॅलिस्टने कमी करणारी यंत्रणा) हाय-डस्ट, म्हणजे राख गाळण्याआधीच्या धुरात; कॅटॅलिस्ट हनीकोंब (जाळीदार ठोकळे), दोन थर भरलेले, तिसरा रिकामा. कोळशात राख ३५-४० टक्के. नॉक्स ४०० वरून १०० मिग्रॅवर येतोय, पण अमोनिया पूर्वीपेक्षा जास्त लागतो. लेसर अॅनालायझर कधी २, कधी ६ पीपीएम स्लिप (न वापरता सुटलेला अमोनिया) दाखवतो. एअर प्रीहीटरचा डीपी (दाबातला फरक) चढतोय. व्हेंडरचा एकच धोशा: तिसरा थर टाका. आधी काय तपासू?

राखधूळ: लोड स्थिर ठेवून रिअॅक्टरच्या आउटलेटला ग्रिडने, म्हणजे आडव्या-उभ्या अनेक पॉइंटवर, नॉक्स मोजा. एका पॉइंटला जवळपास शून्य आणि शेजारी २०० निघाले, तर आधी अमोनिया फवारणारी इंजेक्शन ग्रिड बघा: व्हॉल्व्हचं सेटिंग हललंय किंवा नोझल राखेने बुजलेत. स्लिप त्या शून्यवाल्या पॉइंटमधूनच सुटते. सगळीकडे सारखं असूनही स्लिप जास्त असेल, तरच कॅटॅलिस्टवर संशय घ्या.

लेसरच्या भरवशावर राहू नका, एवढ्या धुळीत सिग्नल टिकत नाही. ईएसपीच्या (विजेने धूळ पकडणाऱ्या यंत्राच्या) पहिल्या फील्डच्या हॉपरमधली राख रोज घेऊन तिच्यातला अमोनिया काढा. मात्र बाहेरच्या देशांतली ५० मिग्रॅ/किलोची मर्यादा इथे फसवते. २ पीपीएम म्हणजे घनमीटरला साधारण १.५ मिग्रॅ. तो सगळा ५० ग्रॅम धुळीवर बसला तर ३० मिग्रॅ/किलो, १० ग्रॅमवर बसला तर १५०! त्यामुळे स्वतःचा ट्रेंड ठेवा.

के_बाय_केनॉट: शटडाऊनला प्रत्येक थराच्या मधल्या भागातून १५० × १५० मिमीचा एक एलिमेंट काढून लॅबला द्या. अमोनिया-नॉक्स रेशो १ किंवा जास्त ठेवून चाचणी होते. एरिया व्हेलॉसिटी (वायूचा प्रवाह भागिले कॅटॅलिस्टचा पृष्ठभाग) ताशी २० मीटर आणि नॉक्समध्ये ८० टक्के घट असेल तर के, म्हणजे कॅटॅलिस्टची क्रियाशीलता = २० × १.६१ (म्हणजे −ln ०.२) = ३२. नवा असताना ४० होता? मग ०.८ उरला.

मेख अशी की लॅबवाले एलिमेंट फुंकून साफ करतात. रिअॅक्टरमध्ये १५ टक्के चॅनेल बुजलेले असतील तर ते या आकड्यात दिसतच नाही. थराच्या वरून फोटो काढून बुजलेली चॅनेल मोजा. मोठे खडे दिसले तर इकॉनॉमायझरनंतरची जाळी फाटली आहे का बघा.

लेडर_बॉटम: रात्री लोड ५५ टक्क्यांवर येतो, तेव्हा इनलेटला २९० अंश.

राखधूळ: हे आधी सांगायचं ना! इतक्या कमी तापमानात अमोनियम बायसल्फेट (अमोनिया आणि एसओ-थ्रीपासून बनणारा चिकट क्षार) कॅटॅलिस्टच्या छिद्रांत साचण्याचा धोका असतो. फुल लोडला काही तास चालवून अमोनियाची गरज पुन्हा उतरली, तर कॅटॅलिस्ट मेलेला नाही. किमान तापमान व्हेंडरकडून लेखी घ्या आणि त्याखाली अमोनिया बंद होईल असा इंटरलॉक लावा. तिसऱ्या थराने एसओ-थ्री (सल्फर ट्रायऑक्साइड) वाढेल. इंजेक्शन ग्रिड न सुधारता तो थर टाकलात तर प्रीहीटर आणखी चोंदेल.