मदत हवी आहे: खाजगी स्की क्लबमध्ये भरलेली अनामत कितपत सुरक्षित?
नमस्कार मंडळी. धाकटा भाऊ अमेरिकेत व्हरमाँटला असतो. राजारामपुरीतलं घर विकून आलेला त्याचा वाटा तो तिथल्या एका खाजगी स्की क्लबच्या सभासदत्वाच्या अनामतीत घालणार आहे. आईला घोर लागलाय, मलाही. त्याच राज्यातला हर्मिटेज क्लब २०१८ मध्ये बंद पडला, पुढच्या वर्षी दिवाळखोरीत गेला. मोंटानाच्या यलोस्टोन क्लबनं २००५ मध्ये ३७.५ कोटी डॉलर कर्ज उचललं, २००८ मध्ये तोही दिवाळखोरीत! बर्फ पडो न पडो, स्कीवाल्यांना डोंगरावर नेणाऱ्या लिफ्टचा खर्च आणि कर्जाचे हप्ते चालूच, भार मात्र मोजक्या सभासदांवर. बुडाल्यावर तारण असलेली बँक आधी, अनामतवाले मागे. तिकडच्या कायद्याची माहिती असलेलं कुणी आहे का? ताळेबंदात काय बघायचं, परताव्याची कोणती अट लेखी मागायची? त्यानं अजून सही केलेली नाही.