एकाच लाइनवर तीन मोटारी: एमसीबी किती अँपिअरचा, वायर किती जाडीची?

गाळेधारक, साकीनाका:
आमच्या छोट्या गाळ्यात ४१५ व्होल्टच्या एकाच थ्री-फेज लाइनवर ५ एचपीचा कॉम्प्रेसर, ३ एचपीची लेथ आणि २ एचपीचे पिलर ड्रिल चालते. प्रत्येकाला स्वतंत्र डीओएल स्टार्टर (मोटार थेट पूर्ण व्होल्टेजवर सुरू करणारा) आहे. मेन बोर्डापासूनची वायर २.५ चौ. मि.मी. तांब्याची असून ती छताच्या पत्र्याखाली पाइपातून नेलेली आहे. एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) १६ अँपिअरचा, सी-कर्व्हचा आहे. सकाळी तो टिकतो. दुपारी मात्र बाकीची यंत्रे चालू असताना कॉम्प्रेसर सुरू झाला, की पडतो. वायरमन म्हणतात, ४० चा टाकून मोकळे व्हा. टाकावा का?

जुना वायरमन:
कृपया टाकू नका. एमसीबी आधी वायरला वाचवतो, मोटारीला नंतर. २.५ ची वायर पाइपात साधारण २१ अँपिअर घेते आणि ४० अंश उष्णतेत ती क्षमता १८ वर येते; पत्र्याखाली तर त्याहूनही कमी. ४० चा एमसीबी पडेपर्यंत तिचे आवरण वितळलेले असेल.

आता हिशेब. ५ एचपीची मोटार पूर्ण भाराला सुमारे ७.५, ३ एचपीची ५ आणि २ एचपीची ३.५ अँपिअर घेते (तरी मोटारीच्या प्लेटवरचाच आकडा खरा धरावा). वायरसाठी सर्वांत मोठ्या मोटारीचा प्रवाह सव्वापट धरून त्यात बाकीच्यांचा मिळवायचा: ९.४ अधिक ८.५, म्हणजे जवळपास १८. तुमची वायर अगदी काठावर आहे. मी ६ चौ. मि.मी. ओढली असती आणि मेनला २५ अँपिअरचा सी-कर्व्ह बसवला असता. डीओएलवर मोटार उठताना सहा-सात पट प्रवाह ओढते. कॉम्प्रेसरचे ५२ आणि चालू असलेल्या दोघांचे ८.५ मिळून ६० च्या आसपास होतात. सी-कर्व्ह एमसीबी त्याच्यावर लिहिलेल्या अँपिअरच्या पाच ते दहा पटींच्या दरम्यान झटक्यात पडतो, म्हणजे २५ चा १२५ च्या आत तसा पडणार नाही. कॉम्प्रेसरच्या स्वतंत्र शाखेला मात्र १६ चा डी-कर्व्ह (सुरू होतानाचा मोठा झटका सी-कर्व्हपेक्षा जास्त सोसणारा) द्यावा. तिथे १० चा सी-कर्व्ह लावला, तर तो ५० लाच पडू शकतो.

यंत्रशाळा, भांडुप:
हिशेब मान्य आहे, परंतु ६० अँपिअरला १६ चा सी-कर्व्हही झटक्यात पडत नाही, कारण त्याची खालची मर्यादा ८० आहे. म्हणजे तो तापून पडत असावा: एकतर मोटार उठायला फार वेळ घेते, नाहीतर दुपारच्या उष्णतेत पेटीतला एमसीबी आधीच तापलेला असतो. कॉम्प्रेसर थांबताना ‘फुस्स’ असा आवाज येतो का, ते ऐका. येत नसेल, तर अनलोडर व्हॉल्व्ह (कॉम्प्रेसर थांबताना दाब मोकळा करणारी झडप) हवा सोडत नाही आणि मोटारीला भरलेल्या दाबाविरुद्ध उठावे लागते. एमसीबीच्या टर्मिनलचे स्क्रूही लाइन बंद करून आवळून घ्या. ढिल्या स्क्रूपाशी वायरचे टोक काळवंडलेले दिसते.

गाळेधारक, साकीनाका:
आवाज येत नाही, आणि एका फेजचे टोक खरोखरच काळे पडले आहे. कॉम्प्रेसरच्या प्लेटवर ७.४ अँपिअर लिहिले असून स्टार्टरमधला ओव्हरलोड रिले कोणीतरी ११ वर फिरवून ठेवला आहे.

जुना वायरमन:
रिले आजच ७.४ वर आणा. मोटार जळण्यापासून तोच वाचवतो, एमसीबी नव्हे. टोक कापून ताजे करा, व्हॉल्व्ह दुरुस्त करून घ्या आणि ६ ची वायर परवानाधारक कंत्राटदाराकडून ओढून घ्या. मोटारींच्या बॉडीला दोन स्वतंत्र अर्थिंग आहेत का, तेही त्याच खेपेला तपासून घ्या. तोपर्यंत १६ चाच एमसीबी राहू द्या.