मदत हवी आहे: लिव्हरपूलचा १९४६-४७ चा हंगाम

मंडळी, आमच्या कट्ट्यावर लिव्हरपूल या इंग्लिश फुटबॉल क्लबच्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या पहिल्या लीग हंगामावर बोलायचंय. गुणतक्ता, गोल वगैरे सगळं मिळालं. मला त्यामागची माणसं हवी आहेत.

रेशनिंगचे दिवस. १९४६ मध्ये मॅनेजर जॉर्ज के यांनी संघ अमेरिका-कॅनडाच्या दौऱ्यावर नेला, कारण तिथे पोरांना पोटभर खायला मिळेल! ही युक्ती मला जाम आवडली. पण खेळाडू तिथे नेमकं काय खात होते, हे त्या वेळच्या वर्तमानपत्रांत आलंय का?

दुसरं म्हणजे शेवट. त्या हिवाळ्यात बर्फाने सामने रखडले, त्यात कारखान्यांत दांड्या पडू नयेत म्हणून सरकारने आठवड्याच्या मधल्या दिवसांच्या सामन्यांवर बंदी घातली. हंगाम थेट जूनपर्यंत लांबला. लिव्हरपूलने ३१ मे रोजी वुल्व्ह्ज या क्लबला २-१ हरवलं आणि मग नुसती वाट बघणं, कारण प्रतिस्पर्धी स्टोक सिटी क्लबचा सामना बाकी होता! स्टोक जिंकले असते तर गुण समान होऊन गोल सरासरीवर (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) विजेतेपद त्यांचं होतं. १४ जूनला ते शेफिल्ड युनायटेडकडून हरले आणि लिव्हरपूल विजेते ठरले. त्याच वेळी लिव्हरपूल आपल्या अॅनफिल्ड मैदानावर शहरातल्याच एव्हर्टन क्लबशी दुसऱ्याच एका चषकासाठी खेळत होतं आणि निकाल मैदानातच कळला. त्या गर्दीतल्या कुणाची आठवण छापील सापडेल का?

लिव्हरपूल किंवा आसपास राहणारं कुणी आहे का इथे? तिथल्या वाचनालयात जुने अंक बाहेरच्यांना बघू देतात का, घरबसल्या पानांची प्रत मागवता येते का, खर्च साधारण किती? विकिपीडियाची लिंक कृपया नको, ती पाठ झालीय.