शेवटची मुलाखत जेवणाच्या टेबलावर आहे, आणि मला कोणासमोर धड खाता येत नाही

प्रश्न – चौकटीतली

पुढच्या आठवड्यात माझ्या मुलाखतीची शेवटची फेरी आहे. आधीच्या फेऱ्या चांगल्या झाल्या. कामाबद्दल काहीही विचारा, मी डगमगत नाही. पण ही फेरी म्हणजे विभागप्रमुख आणि आणखी दोघांबरोबर दुपारचं जेवण. निरोपात ‘अनौपचारिक गप्पा’ असं लिहिलंय. तो वाचल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही.

समोरचा बघतोय असं वाटलं की माझा घास घशाखाली उतरत नाही. आधीच्या नोकरीत एक वरिष्ठ सगळ्यांदेखत म्हणाले होते, ‘‘जरा सावकाश, ताट कुठे पळून जात नाहीये.’’ सगळे हसले. त्या दिवसापासून मी माझ्या जागेवर, स्क्रीनकडे तोंड करून जेवायला लागले. काटा-सुरी मला येते. घरी एकदम व्यवस्थित. पण कोणी समोर असलं की काटा प्लेटवर वाजतो आणि तो आवाज खोलीभर घुमतोय असं वाटतं. पाण्याचा ग्लास उचलताना हात थरथरतो, म्हणून मी पाणीच पीत नाही, मग कोरड्या तोंडाने घास आणखी अडकतो.

एक मैत्रीण म्हणते, घरून पोटभर खाऊन जा आणि तिथे नुसतं चिवडत बस. ते बरं दिसेल का? आणि तोंडात घास असताना प्रश्न आला तर काय करायचं? कृपया ‘टेन्शन घेऊ नकोस’ एवढंच लिहू नका.

प्रतिसाद १ – टेबल सात

मी हॉटेलात सर्व्हिसला आहे, अशी जेवणं रोज बघतो. काटे-चमचे बाहेरून आत या क्रमाने वापरायचे. पावाची छोटी प्लेट तुमच्या डावीकडची, ग्लास उजवीकडचे. मध्येच उठलात तर नॅपकिन खुर्चीवर, सगळं आटोपलं की प्लेटच्या डावीकडे. काटा खाली पडला तर वाकून उचलू नका, दुसरा मागा, आम्ही लगेच आणून देतो.

एक गोष्ट मात्र खरंच लक्षात ठेवा. काटा आणि सुरी शेजारी-शेजारी समांतर ठेवली की आमच्यासाठी तो ‘झालं, उचला’ असा निरोप असतो. बोलण्याच्या भरात लोक तसं ठेवतात आणि अर्धी भरलेली प्लेट जाते. बोलताना दोन्ही प्लेटवरच ठेवा, पण टोकं आत आणि मुठी बाहेर अशी तिरकी, फाकवून.

प्रतिसाद २ – पलीकडच्या खुर्चीतून

मी बरीच वर्षं अशा जेवणांना मुलाखत घेणाऱ्यांच्या बाजूने बसतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी मैत्रिणीच्या सल्ल्याबद्दल. अगदी उपाशी जाऊ नका, थोडं खाऊन जा, ते ठीक. पण भरलेली प्लेट समोर ठेवून चिवडत बसलात तर टेबलावरचे तिघंही ‘आवडलं नाही का, दुसरं काही मागवू का’ असं विचारत राहतात. जी नजर तुम्हाला नको आहे तीच ओढवून घ्याल. त्यापेक्षा थोडंच मागवा आणि ते खा. सूप टाळा, कारण थरथरणाऱ्या हाताला चमचाभर पातळ पदार्थाइतकं अवघड काही नाही. हाडं असलेलं, लांब लोंबणारं, हाताने सोलावं लागणारं काही नको. काट्याने सहज तुटेल असं काहीतरी बघा.

घास छोटा घ्या, इतका छोटा की दोन-तीनदा चावून गिळता येईल. तरीही प्रश्न नेमका तेव्हाच आला, तर मान हलवा, घास संपवा, मग बोला. समोरच्याला तुमचं तोंड भरलेलं दिसत असतं. त्या शांततेचं ओझं त्याच्यावर आहे, तुमच्यावर नाही.

आता आम्ही बघतो काय? वाढणाऱ्या माणसाशी उमेदवार कसा बोलतो, हे मी बघतो. दुसऱ्याचं बोलणं पुरं होऊ देतो का, तेही बघतो. काटा वाजला का, हे मी बघत नाही. पण सगळे तसे नसतात. एका जेवणानंतर माझ्या सहकाऱ्याने एका उत्तम उमेदवाराच्या कागदावर ‘सफाई कमी’ असं लिहिलं. कशात सफाई कमी, असं विचारलं तर सांगण्यासारखं एवढंच निघालं की तो भराभर जेवला. मी तो शेरा खोडायला लावला. अजूनही आठवलं की संताप होतो. थॉर्नडाइक या मानसशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवलं होतं की लष्करी अधिकारी हाताखालच्या लोकांच्या एखाद्या गुणाबद्दल जे मत करतात, तेच बाकीच्या सगळ्या गुणांवर पसरवतात. खाण्याच्या पद्धतीवरून कामाची लायकी ठरवणं त्यातलंच आहे.

चव न घेता मीठ घातलं म्हणून उमेदवाराला नाकारल्याचा किस्सा तुम्हाला कोणीतरी ऐकवेलच. तो कधी एडिसनच्या नावावर असतो, कधी हेन्री फोर्डच्या. त्यावर झोप घालवू नका.

प्रतिसाद ३ – सावकाश

तुमची भीती मला फार ओळखीची आहे. लिबोविट्झ यांनी १९८७ मध्ये सामाजिक भीती मोजायची जी प्रश्नावली केली, तिच्यातल्या २४ प्रसंगांमध्ये सार्वजनिक ठिकाणी खाणं आणि इतरांबरोबर काही पिणं हे दोन्ही आहेत. म्हणजे हा तुमच्या एकटीचा विचित्रपणा नाही, डॉक्टरांना चांगला माहीत असलेला प्रकार आहे.

घुमणाऱ्या आवाजाबद्दल एक सांगते. २००० साली गिलोविच आणि सहकाऱ्यांचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यातल्या एकात विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीत पाठवायचे. त्याला वाटायचं, निम्म्या लोकांनी तरी बघितलं असणार. प्रत्यक्षात साधारण पाव लोकांच्याच लक्षात यायचं. सॅवित्स्की आणि गिलोविच यांनी २००३ मध्ये भाषणाच्या भीतीवर काम केलं. आतली घालमेल बाहेर वाटते तेवढी दिसत नाही, एवढं आधी समजावून सांगितल्यावर लोकांची भाषणंही सुधारली.

ग्लास अर्धाच भरून घ्या आणि पाणी जरूर प्या. या आठवड्यात एका विश्वासातल्या माणसासमोर रोज थोडं खा, मग दोघांसमोर. आणि हात एकटं असतानाही, काही धरलं की थरथरत असेल, तर ते निव्वळ भीतीमुळे नसेलही. डॉक्टरांना दाखवा. कंपाचा एक प्रकार असाच असतो, हात कामाला लागला की वाढणारा, आणि त्यावर औषधं आहेत.

चौकटीतली

सगळ्यांचे मनापासून आभार. एकटी असताना हात थरथरत नाही, आत्ताच ग्लास भरून पाहिला. आज संध्याकाळी बहिणीसमोर बसून जेवणार आहे, तिला सांगितलंय की मुद्दाम प्रश्न विचारत राहा. एकच शंका उरली. काही पदार्थ मी खात नाही, ते आधी कळवलं तर नखरे वाटतील का?

पलीकडच्या खुर्चीतून

अजिबात नाही. आजच दोन ओळींत कळवा, आणि त्यातच जागेचं नाव विचारून घ्या. मेन्यू आधी बघायला मिळाला तर काय मागवायचं ते घरीच ठरवून जाता येईल. टेबलावर बसल्यावर सांगितलं की सगळ्यांचं बोलणं त्याच विषयावर अडकतं आणि तुमच्या कामाबद्दल बोलायचा वेळ जातो.